सगळा किनारा एकाच सुट्टीत पाहायलाच हवा का?

एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश असा : त्यांना साडेसहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने नऊ दिवसांचा प्रवास करायचे त्यांच्या पतींनी ठरवले आहे. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर आणि मुक्काम सात ठिकाणी. पती लहान असताना त्यांच्या आईवडिलांनी त्यांना असाच प्रवास घडवला होता आणि त्याच्या आठवणी ते आजही रंगवून सांगतात. बाईंची मात्र झोप उडाली आहे. मुलीला गाडी लागते, मुलाला सीटमध्ये बांधले की तो आकांत करतो, आणि पाण्याजवळ दोघांवर एकाच वेळी नजर कशी ठेवायची याची त्यांना धास्ती वाटते. बोलून दाखवले की पती म्हणतात, "तू उगाच घाबरतेस," आणि सासूबाई म्हणतात, "आम्ही नाही का नेली पोरं?" त्या विचारतात : "नाही म्हटले तर माझ्या भित्रेपणापायी मुलांचा एक आनंद हुकेल. हो म्हटले तर नऊ दिवस जीव मुठीत धरून काढावे लागतील. मी काय करू?"

तुमच्या पत्रात मला सर्वांत आधी खटकला तो 'भित्रेपणा' हा तुम्ही स्वतःलाच लावून घेतलेला शब्द. तुम्ही तीन काळज्या लिहिल्या आहेत. मुलीला गाडी लागणे, मुलाचे सीटमधले रडणे आणि पाण्याजवळची देखरेख या तिन्ही खऱ्या आहेत आणि तिन्हींवर करण्यासारखे पुष्कळ आहे. पण घरात त्यांची गणना 'उगाच घाबरणे' अशी झाल्यामुळे त्यांवर कोणी काही करायला बसलेच नाही, आणि सगळा भार एकट्या तुमच्या झोपेवर पडला आहे. म्हणून पहिली विनंती ही की, या काळज्यांना भीतीच्या खात्यात न टाकता प्रवासाच्या तयारीच्या यादीत टाका.

दुसरी गोष्ट, तुम्ही प्रश्न हो किंवा नाही असा मांडला आहे. मला तो तसा दिसत नाही. समुद्राकाठी जायचे की नाही यावर तुमचे दुमत नाहीच. मतभेद आहे तो नऊ दिवस, बाराशे किलोमीटर आणि सात मुक्काम या आखणीवर, आणि आखणी बदलता येते. बाराशे भागिले नऊ म्हणजे दिवसाला सरासरी एकशे तेहतीस किलोमीटर, हा आकडा ऐकायला फार वाटत नाही. तुमचे पती कदाचित याच हिशेबाने निश्चिंत असतील. परंतु किनाऱ्याचा रस्ता वळणांचा असतो, वाटेत खाड्यांवरचे पूल आणि गावे लागतात, सुट्टीच्या दिवसांत गर्दीही असते. नकाशाने साडेतीन तास सांगितले तर दोन लहान मुलांसह पाच ते साडेपाच तास धरावेत, असे मी प्रत्येक आईबापांना सांगते. त्यावर रोजचे सामान बांधणे, गाडीत भरणे, नव्या खोलीत ते उघडणे आणि अनोळखी अंथरुणावर अडीच वर्षांच्या मुलाला झोपवणे हे सातदा करायचे. यात समुद्राच्या वाट्याला रोज किती वेळ उरतो, हे दोघांनी कागद घेऊन एकदा मांडून पाहावे.

आता तुमच्या पतींच्या आठवणींकडे येऊ, कारण या बेताचे मूळ तिथे आहे आणि त्याचा अनादर करून काही साधणार नाही. त्यांना शांतपणे विचारा की तो प्रवास झाला तेव्हा ते किती वर्षांचे होते. बहुतेक माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात, आणि सलग, रंगवून सांगता येण्याजोगा प्रवास आठवतो तो बहुधा सात-आठ वर्षांच्या पुढचा. म्हणजे ते ज्या मुलाची गोष्ट सांगतात तो तुमच्या मुलापेक्षा बराच मोठा असण्याचा संभव आहे. तो आनंद तुमच्या मुलांनाही मिळेल, फक्त धाकट्यासाठी त्याची वेळ अजून यायची आहे. आणखी एक : त्या प्रवासात खाण्याचे डबे कोणी भरले, ओले कपडे कोणी वाळवले, गर्दीत मुलांचा हात कोणी धरला, हे त्यांना आठवत नसणार, कारण मुलांना ते दिसत नाही. सासूबाईंना मात्र नक्की आठवत असेल. त्यांचे "आम्ही नाही का नेली पोरं?" हे वाक्य तुम्हाला टोमणा वाटले, पण ते संभाषणाचे दारही होऊ शकते. "आई, तुम्ही तेव्हा कसे निभावलेत? अवघड काय गेले?" असे मनापासून विचारून पाहा. पुष्कळदा अशा उत्तरातून त्या प्रवासाचा मुलाला कधीच न कळलेला अर्धा भाग बाहेर येतो, आणि तो तुमच्या पतींनी त्यांच्या आईच्या तोंडून ऐकणे अधिक परिणामकारक ठरते.

मुलांना समुद्र कसा भेटतो याचाही विचार आखणीत हवा. अडीच वर्षांचे मूल पहिल्या दिवशी फेस पायाला लागताच दोन्ही पाय वर उचलते आणि आईच्या कमरेला घट्ट धरते. दुसऱ्या दिवशी ते धरलेलेच असते, पण मान वाकवून पायाखालची वाळू सरकताना बघते. तिसऱ्या दिवशी एक हात सुटतो, आणि मग ओल्या वाळूत बसून तेच डबडे भरणे आणि पालथे करणे असा अर्धा तासाचा उद्योग सुरू होतो. त्याला त्याच काठावर, त्याच खडकापाशी, पुन्हा पुन्हा जायचे असते. रोज नवा किनारा म्हणजे त्याच्यासाठी रोज नवा पहिला दिवस. मोठ्या मुलीलाही काल पाहिलेल्या खडकांमधल्या डबक्यात आज काय आहे, हे पाहण्यात अधिक गोडी वाटेल. नव्या ठिकाणांची ओढ ही मुख्यतः मोठ्यांची असते; ती चूक नाही, पण मुलांच्या नावावर ती मांडू नये.

म्हणून माझा सल्ला असा की नऊ दिवस राहू द्या, मुक्काम दोनच ठेवा. प्रत्येक ठिकाणी चार रात्री, किंवा पहिल्या ठिकाणी पाच आणि दुसऱ्या ठिकाणी तीन. दोन ठिकाणे शक्यतो अशी निवडा की त्यांच्यामधला रस्ता किनाऱ्यालगतचा असेल, म्हणजे पतींना हवी असलेली ती गाडीतून दिसणारी निळी रेघही मिळेल. गाडीने लांबचे जाण्याचे दिवस मग तीनच उरतात आणि मधले दिवस मोकळे राहतात. मोकळ्या दिवसांत एखाद्या सकाळी पती मोठ्या मुलीला घेऊन जवळचा दुसरा किनारा किंवा दीपगृह पाहून येऊ शकतात. तोवर धाकटा झोपेल आणि तुम्हालाही निवांत वेळ मिळेल.

त्या तीन दिवसांपुरते बोलायचे तर गाडी चालण्याचा एकूण वेळ चार तासांच्या पुढे नेऊ नका आणि दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटे थांबा. थांबणे म्हणजे मुलांना खाली उतरवून पळू देणे. गाडीतच खाऊ देऊन पुढे निघणे याला थांबणे म्हणता येत नाही. मुले झोपतील म्हणून रात्री निघावे असे अनेक जण सुचवतात. मी त्याच्या विरुद्ध आहे, कारण मुलांबरोबर चालवणाऱ्याचेही शरीर झोप मागत असते : मध्यरात्र ते पहाट आणि दुपारी दोन ते चार या वेळांत पेंग येण्याचा धोका सर्वाधिक असतो. उजाडताना निघून दुपारच्या आत पोहोचणे दोघांनाही मानवते. तुम्ही गाडी चालवत असाल तर चालवणे वाटून घ्या; न चालवणाऱ्याने मागे मुलांजवळ बसावे.

सीटबाबत मात्र तडजोड करू नका, रडणे कितीही असह्य झाले तरी. मांडीवर घट्ट धरलेले मूल सुरक्षित वाटते, पण गाडी आदळते त्या क्षणी त्याला धरून ठेवणे कोणत्याही हातांना शक्य नसते. मुलाच्या वजनाला आणि उंचीला योग्य अशी चाइल्ड सीट मागच्या बाजूला असावी. सीटच्या मर्यादेत बसत असेल तोवर मुलाचे तोंड मागे ठेवणे अधिक सुरक्षित असते, आणि अशी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही लावू नये. तुमची मुलगी मोठी झाली असे वाटत असले तरी साधा सीटबेल्ट तिच्या गळ्यावर आणि पोटावर येईल. जागतिक आरोग्य संघटना १० वर्षे वय किंवा १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलांसाठी वेगळी बैठक वापरावी असे सांगते, म्हणून तिला बूस्टर, म्हणजे सीटबेल्ट नीट बसावा म्हणून तिला उंच करणारी बैठक, लागेलच. मुलाच्या रडण्याबद्दल एक शोध आधी घ्या. सूर्य नेमका डोळ्यांवर येतो का, पट्ट्याला पीळ पडला आहे का, बक्कल उन्हाने तापले आहे का, की जाड कपड्यामुळे कोंडल्यासारखे होते? निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून त्याला त्या सीटमधून रोज जवळच्या, त्याला आवडणाऱ्या ठिकाणी न्या. सीट म्हणजे लांबचा कंटाळा, हे समीकरण त्याच्या मनात बसण्याआधीच मोडायला हवे.

गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांत सर्वाधिक आढळतो, म्हणजे मुलगी नेमकी त्या वयात आहे. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलत आहोत, आणि पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून वळणांच्या रस्त्यावर पडद्याने मुलीला गुंतवू नका. तिला समोरचा रस्ता आणि दूरचे क्षितिज दिसेल अशी उंच बैठक द्या, खिडकी थोडी उघडा, गाडीत सुगंधी फवारे मारू नका, आणि निघण्याआधी पोट रिकामेही नको आणि तुडुंबही नको. गोष्टी, गाणी आणि बाहेर दिसणाऱ्या वस्तू ओळखण्याचे खेळ इथे खरोखर उपयोगी पडतात. औषध द्यायचे असल्यास मुलांच्या डॉक्टरांना आधी दाखवा आणि त्यांच्या संमतीने त्याची पहिली मात्रा घरी असतानाच देऊन पाहा, कारण काही मुले त्याने पेंगतात, तर काही उलट चिडचिडी आणि अस्वस्थ होतात. मुलीचे बदलायचे कपडे, दोन पंचे, पाण्याची बाटली आणि तोंड बांधता येतील अशा पिशव्या पायाशी ठेवा. डिकीच्या तळाशी गेलेले कपडे त्या क्षणी नसल्यासारखेच असतात.

इथेच एक सांगून ठेवते. उभ्या गाडीत मुलाला एकटे सोडू नका, "दोन मिनिटांत येतो" म्हणूनही नाही. बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने चढू शकते, काच थोडी उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते.

तुमची तिसरी काळजी, पाण्याजवळची नजर, ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि "उगाच" हा शब्द इथे तर मुळीच चालणार नाही. बुडणारे मूल हात हलवून हाका मारील अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा आवाज न करता, मिनिटाभरात पाण्याखाली जाते. श्वास घेण्याच्या धडपडीत ओरडायला दम उरत नाही. लहान मूल घोट्याएवढ्या पाण्यातही अडचणीत येऊ शकते. 'दोघेही आहोत, कोणीतरी बघतच असेल' या गृहीतकातच मोठा धोका आहे. म्हणून पाण्याजवळ असताना प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस नेमा, आणि अदलाबदल करताना ती तोंडाने बोलून करा : "आता बाळ तुझ्याकडे," आणि समोरून "हो, माझ्याकडे" असे उत्तर आल्याशिवाय नजर हलवू नका. ज्याच्याकडे मूल आहे त्याने हाताच्या अंतरावर राहावे आणि फोन पिशवीत ठेवावा. दोघांपैकी एक जण खोलीवर गेला असेल, तर उरलेल्याने दोन्ही मुलांना घेऊन पाण्यात जाऊ नये. तेवढा वेळ वाळूतच खेळावे. हा साधा नियम पाळला गेला तर तुमची निम्मी धास्ती ओसरेल, कारण एकटीने दोघांना सांभाळण्याचा प्रसंगच पाण्यात येणार नाही.

जीवरक्षक असतील असाच किनारा निवडा. अनेक देशांत लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला पट्टा हा त्यांच्या देखरेखीखालचा असतो, आणि लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नये. पाण्याकडे जाण्याआधी पाच मिनिटे नुसते उभे राहून बघा. दोन्हीकडे लाटा फुटत आहेत आणि मधेच एक पट्टा शांत, गडद किंवा गढूळ दिसतो आहे, तर अजाण माणसाला तीच जागा उतरायला सोयीची वाटते. वस्तुतः तिथून पाणी समुद्राकडे परत ओढले जात असते. अशा ओढीत सापडलेल्या मोठ्या माणसाने काठाच्या दिशेने झगडू नये, तरंगत राहून मदतीसाठी हात वर करावा आणि जमल्यास काठाला समांतर पोहत ओढीबाहेर यावे. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्री पाहून ठेवा. त्या रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती अधिक वर येते; ओहोटीत खडक ओलांडून सहज गाठलेल्या वाळूवरून परतीची वाट भरतीत बंद होऊ शकते. हवेने फुगवायची खेळणी समुद्रात नकोत, जमिनीवरून वाहणारा वारा ती मुलासकट आत नेतो. वाळूत खड्डे खणायला मुलांना फार आवडते. खोली मुलाच्या गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, कारण कडा ढासळून मूल गाडले जाऊ शकते.

उन्हाचे उत्तर वेळापत्रकात आहे. सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर किनारा, मधला वेळ खोलीत, जेवणाला आणि झोपेला. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, काठाची टोपी, आणि उघड्या त्वचेवर किमान एसपीएफ ३० चे क्रीम दर दोन तासांनी व पाण्यातून आल्यावर पुन्हा. ओआरएसची पाकिटे जवळ असू द्यात. मूल मलूल झाले, लघवी कमी आणि गडद होऊ लागली किंवा रडताना डोळ्यांत पाणी येईनासे झाले, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा, आणि म्हणूनच मुक्कामाच्या जवळ दवाखाना कुठे आहे हे आरक्षण करतानाच विचारून ठेवा.

आता जे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण ओळींमधून दिसते, त्याबद्दल. ठिकाणे पतींनी ठरवली, रस्ता त्यांनी ठरवला. औषधे, कपडे, खाणे, मुलांची झोप, ओली चड्डी आणि रात्रीचे रडणे मात्र न बोलता तुमच्या वाट्याला आले आहे. तुम्हाला समुद्राची जेवढी भीती वाटते, त्याहून अधिक या एकटेपणाचा थकवा आला असावा, असा माझा अंदाज आहे. एका संध्याकाळी मुले झोपल्यावर प्रवासाची सगळी कामे, अगदी सीट घट्ट बसवण्यापासून ते वाळूने भरलेली चप्पल धुण्यापर्यंत, एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकापुढे एक नाव लिहा. ज्याच्या नावापुढे काम, त्यानेच ते लक्षात ठेवायचे. आठवण करून देण्याचे कामही दुसऱ्यावर नको. दोन्ही मुक्कामांत प्रत्येकाला एक अर्धा दिवस पूर्ण मोकळा मिळावा, तुम्हालाही.

हे बोलणे "मला भीती वाटते" पासून सुरू केले तर पती धीर देऊ लागतील आणि विषय तिथेच संपेल. "तुझ्या लहानपणचा तो प्रवास मुलांना मिळावा असे मलाही वाटते, तो या वयाच्या मुलांना झेपेल असा आखू या," असे म्हणून दोन मुक्कामांचा कागद पुढे ठेवा. उरलेल्या पाच ठिकाणांची यादी फेकू नका, त्यांच्यासमोर ती पुढच्या वर्षांसाठी जपून ठेवा. धाकटा सहा-सात वर्षांचा झाला की मुक्काम वाढवता येतील. आणि त्यांनी सातच मुक्कामांचा हट्ट धरला, तर आधी दोन रात्रींचा, एका दिवसाच्या अंतरावरचा प्रवास सुट्टीआधी करून पाहण्याचे सुचवा. त्यात सीट, औषध, पाण्याजवळची अदलाबदल आणि कामांची वाटणी या सगळ्यांची परीक्षा होईल, आणि मग नऊ दिवसांचा निर्णय दोघांनी पाहिलेल्या गोष्टींवर घेता येईल.

शेवटी एक व्यवहाराची बाब. दुसऱ्या मुक्कामाचे आरक्षण रद्द करता येईल असेच करा आणि निघण्याआधी दोघांनी ठरवून टाका की कोणत्या स्थितीत पुढे न जाता पहिल्याच ठिकाणी राहायचे किंवा घरी परतायचे : मुलाला ताप, दोन रात्री सलग झोप न होणे, किंवा चालवणाऱ्याचा थकवा. ही अट दोघांपैकी कोणीही एकाने बोलून दाखवली तरी पुरेशी असावी, आणि त्यावर वाद घालायचा नाही, हेही त्याच वेळी ठरवून घ्या.